मधली तीन पाने

ठाण्याच्या एका इंग्रजी शाळेत घैसास मास्तरांनी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले, आणि एवढ्या वर्षांत धडा घडाघडा पाठ म्हणून दाखवणाऱ्या एकाही मुलाला त्यांच्याकडून शाबासकी मिळाली नाही. दुसऱ्या कुठल्याही मास्तरांनी अशा मुलाला डोक्यावर घेतले असते. घैसास मास्तरांचा मात्र चेहरा उतरायचा. मुलगा थांबला की ते म्हणायचे, "झालं? आता पुस्तक मीट, आणि तुला काय वाटलं ते बोल." मुलगा बिचारा भांबावून जायचा. त्याला काही वाटावे अशी अपेक्षा आजवर कुणी केलीच नव्हती. इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आले तरी हाच प्रकार. हेडमास्तर मागून डोळे वटारत, पण मास्तरांचे आपले तेच. "माणूस सज्जन, पण जरा चक्रम," असा गावाने निकाल देऊन टाकला होता. गावाला निकाल द्यायला पुरावा कुठे लागतो?

या चक्रमपणामागे कागदाची तीन पाने होती. ती गोष्ट १८८७ सालची. तेव्हा मास्तर एकोणतीस वर्षांचे होते आणि घरात त्यांना नुसते श्रीपाद म्हणत.

घैसासांचे घराणे कल्याणचे. शेणाळे तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचे लहानसे कौलारू घर, आणि घराण्यात सात पिढ्यांचे वेदपठण. श्रीपादचे वडील महादेवभट घनपाठी होते. घनपाठ म्हणजे एकेका मंत्रातले शब्द पुढून, मागून, उलटसुलट गुंफून म्हणायचे, तास तासभर म्हणायचे, आणि एक स्वर जागचा हलू द्यायचा नाही. समोर पोथी नाही, कागद नाही. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. याला संथा म्हणतात. आठव्या वर्षी मुंज झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून श्रीपाद बापापुढे मांडी घालून बसला तो तेराव्या वर्षापर्यंत. पोराचे कान असे तयार झाले की एकदा आत गेलेले पुन्हा बाहेर पडायची सोय उरली नाही.

दरवर्षी श्रावणीला, नवी जानवी घालून झाली की, महादेवभट आपल्या शिष्यांना ओळीने बसवून म्हणायला लावीत. बिनचूक म्हणेल त्याच्या ओंजळीत स्वतःच्या हाताने विडा आणि नारळ ठेवीत. तोंडाने कौतुक करण्याची त्यांची रीत नव्हती. नारळ मिळाला की समजायचे. श्रीपादला तो पाच वेळा मिळाला.

मग कचेरीत कारकून असलेला मामा मध्ये पडला. वेदाने पोट भरायचे दिवस सरले, पोराला इंग्रजी शाळेत घाला, म्हणाला. महादेवभटांनी आडकाठी केली नाही. भांडले नाहीत, रागावले नाहीत. संथा देणे तेवढे थांबवले. पुढच्या श्रावणीला श्रीपाद सवयीने ओळीत जाऊन बसला. वडील एकेकाचे ऐकत त्याच्यापाशी आले आणि काही न बोलता पुढच्या मुलाकडे गेले. तेरा वर्षांचा पोर रिकामी ओंजळ घेऊन उठला आणि मागच्या दाराने तळ्यावर जाऊन बसला. त्या दिवसापासून बापलेकांचे बोलणे म्हणजे जेवलास का, गाडी चुकली का, एवढेच.

कॉलेजात श्रीपादने कधी टाचणे काढली नाहीत, कारण गरजच पडली नाही. इंग्रजीचे लॉर्टनसाहेब तासभर बोलत. संध्याकाळी खानावळीत सोबती त्याच्याभोवती कोंडाळे करून म्हणत, "घैसास, साहेब ऐकव रे!" की हा डोळे मिटून अख्खे व्याख्यान ऐकवी, साहेबांच्या आवाजाच्या चढउतारांसकट. पोरे हसत, लिहून घेत आणि पास होत. तोही बी.ए. झाला, ठाण्याच्या शाळेत लागला, आणि रोज सकाळच्या गाडीने कल्याणहून ठाण्याला जाऊन तीच चार पुस्तके मुलांना शिकवू लागला.

हल्ली इंग्रजी वाङ्मयात डॉक्टर व्हायचे म्हणून पोरे देशोदेशी अर्ज धाडतात. तेव्हा असली पदवी आपल्याकडे कुणाच्या कानावरही नव्हती. एम.ए. म्हणजे शिखर, आणि तिथवर पोहोचायची खरी वाट म्हणजे कॉलेजातली फेलोची जागा. दोन वर्षे मुंबईत राहायचे, कॉलेजची पुस्तके हाताशी, थोडे शिकवायचे, पुष्कळ वाचायचे. त्या वर्षी श्रीपादच्या जुन्या कॉलेजात इंग्रजीसाठी अशी एक जागा निघाली. अटी कडक. वय तिशीच्या आत हवे, दोन शिफारसपत्रे हवीत, आणि वीस पानांचा निबंध स्वतःच्या हाताने लिहिलेला हवा. निबंधाच्या शेवटी सहीनिशी लिहून द्यायचे की यातला विचार माझा स्वतःचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

मार्गशीर्षात श्रीपादला तिसावे पुरे होणार होते. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. ती हुकली की मरेपर्यंत चार पुस्तके आणि सकाळची गाडी.

घर सोडायची ओढ त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला, सुमतीला, जास्त होती. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा मधु तापाने गेला होता. अवघा साडेतीन वर्षांचा. आजोबांच्या मांडीवर बसून तो बोबडे मंत्र म्हणायचा आणि महादेवभट, जे कुणाला एक स्वर माफ करीत नसत, ते त्याचे सगळे चुकलेले ऐकून घेत. मधु गेला त्या दिवसापासून त्या घरात त्याचे नाव कुणी उच्चारले नव्हते. सुमती मुकाट्याने काम करी आणि माजघरात मधुचे अंथरूण असायचे त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसे. मुंबईच्या जागेचे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "एखादी खोली मिळाली तरी चालेल. पण ती दुसरी असेल."

निबंधासाठी श्रीपादने विषय घेतला इंग्रजीतल्या शोककाव्यांचा. का घेतला ते सांगायला नको. महिनाभर तो शाळेतून येऊन ओटीवर लिहीत बसे. पहिली नऊ पाने नांगरटीसारखी निघाली, एकेक ओळ जोर लावून. आणि मग एका पहाटे दहावे पान जे सुरू झाले ते हात थांबेचना. दहा, अकरा, बारा. वाक्यामागून वाक्य तयार होऊन यावे तसे आले, एक खोडावे लागले नाही. श्रीपादला वाटले, सरस्वती प्रसन्न झाली. पुढची पाने पुन्हा जोर लावूनच लिहावी लागली, पण आता त्याला धीर आला होता.

शेवटचे पान तेवढे राहिले होते, तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ. श्रीपाद ओटीवर बसून एकोणीस पाने मोठ्याने वाचून पाहत होता. आत देवघरात महादेवभट संध्या आटोपून गंध उगाळीत होते. वाचून झाले तसे ते बाहेर आले. सोळा वर्षांत त्यांनी मुलाच्या इंग्रजीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"हे काय म्हणत होतास?"

"निबंध आहे, अण्णा. मुंबईला धाडायचाय."

"कुणाकडून घेतलास?"

"घेतला म्हणजे? मी लिहिलाय. स्वतः."

 महादेवभट म्हणाले, "पहिलं तुझं. शेवटचंही तुझं. मधलं तुझं नाही."

श्रीपादला आधी हसू आले आणि मग तिडीक आली. "अण्णा, तुम्हाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही!"

"नाही कळत," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पण संथा कळते. मधे तू दुसऱ्याचा श्वास घेतोस."

एवढे बोलून ते आत गेले. श्रीपादच्या मनात सोळा वर्षांचे साचलेले उसळून वर आले. आयुष्यात एकदा विचारायला आले, आणि विचारले काय, तर चोरी कुठून केलीस! त्याच तिरमिरीत त्याने शेवटचे पान लिहायला घेतले. पण हात रागाचे लिहीना. शोककाव्यांबद्दल जे म्हणायचे ते म्हणून झाले होते, आणि उरले होते ते त्याने आजवर कुणापाशी बोललेले नव्हते. त्याने लिहिले की आमच्याकडे मेलेल्यासाठी तेरा दिवसांचे मंत्र आहेत, चौदाव्या दिवसासाठी काही नाही. लिहिले की माझ्या घरात एका मुलाचे नाव तीन वर्षे कुणी घेतलेले नाही आणि म्हणून मी परक्या भाषेत दुसऱ्यांची रडगाणी वाचत बसतो. मग त्याने ते नाव लिहिले. खाली सही केली, स्वतःच्या विचाराची ग्वाही लिहिली, आणि सोमवारी ठाण्याच्या पोस्टात पाकीट रजिस्टर करून टाकले.

शब्द जिव्हारी लागला की माणूस तो फेकून देत नाही, घोळवत बसतो. त्या आठवड्यात गाडीत बसल्या बसल्या श्रीपाद मधली तीन पाने मनाशी म्हणू लागला, बापाला खोटे पाडण्यासाठी. ती त्याला तोंडपाठ होती, यात नवल नव्हते. पहिली नऊ पाने मात्र तशी येत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले आणि त्याने ते बाजूला सारले. गाडी मुंब्र्याच्या बोगद्यात शिरली, डबा काळोखला, आणि अकराव्या पानावरच्या एका वाक्यात तो अडखळून थांबला. थांबायचे कारण नव्हते. वाक्य संपले नव्हते, विरामचिन्हही नव्हते. पुन्हा मागून म्हटले, पुन्हा तिथेच थांबला. इथे का थांबतो मी?

इथे लॉर्टनसाहेब चष्मा काढून पुसायचे.

गाडी बोगद्यातून बाहेर आली. त्याला सगळे दिसले. सात वर्षांपूर्वीचा पावसाळा, तिसरा बाक, खिडकीची गळती, फळ्यापुढे उभे साहेब, रुमालाने चष्मा पुसत अर्धे वाक्य हवेत ठेवून. तीन पाने अक्षरशः त्यांची होती. एक शब्द त्याने बदलला नव्हता. बदलणार कसा? शब्द न बदलणे हीच त्याच्या घराण्याची सात पिढ्यांची कमाई होती. त्याने चोरी केली नव्हती, पण ते कुणाला पटवून देणार?

आणि पटवून द्यायची गरज तरी काय होती? ते व्याख्यान कुठे छापलेले नव्हते. खानावळीतले सोबती कोण मुनसफ, कोण मामलेदार, आपापल्या वाटेला लागलेले. राहता राहिले साहेब. श्रीपाद आठवडाभर नीट जेवला नाही. मग भाद्रपदात कॉलेजचे पत्र आले, खुद्द लॉर्टनसाहेबांच्या सहीचे. अर्जांमध्ये तुमचा निबंध सर्वांत वर ठेवला आहे. शेवटचे पान फार घरगुती झाले आहे, ते गाळावे. परंतु मधल्या तीन पानांतील विचाराची स्वतंत्रता असामान्य आहे. येत्या शुक्रवारी भेटीस यावे.

साहेब स्वतःचेच बोलणे ओळखू शकले नव्हते.

श्रीपादने पत्र सुमतीला वाचून दाखवले आणि मग, दार लोटून, बाकीचेही सांगितले. तिचा चेहरा आधी उजळला होता, तो सावकाश विझला. मुंबईची खोली, खोलीला असणारी रस्त्यावरची खिडकी, सगळे तिने मनात मांडून ठेवले होते. बराच वेळ ती तांदूळ निवडत राहिली.

"न सांगितलं तर कळेल का त्यांना?"

"नाही कळणार."

"पण तिथं गेल्यावर इकडून रोज त्यांच्याच पुढ्यात बसायचं ना?"

"हो."

"मग माझ्या खोलीसाठी तसं बसू नये," ती म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली. आत गेल्यावर तिने काय केले ते श्रीपादने पाहिले नाही. पाहवले नसते.

शुक्रवारी तो साहेबांपुढे उभा राहिला. लॉर्टनसाहेब थकले होते, केस पार पांढरे झाले होते. त्यांनी कौतुकाने बोलायला सुरुवात केली, आणि श्रीपादने त्यांना मध्येच थांबवून सगळे सांगितले. साहेबांना पटेना. तेव्हा श्रीपादने डोळे मिटले आणि व्याख्यान सुरू केले, तीन पानांच्या आधीचे आणि नंतरचेही, जे निबंधात नव्हते. चष्म्याच्या जागी तो थांबला. डोळे उघडले तेव्हा साहेबांनी खरोखरच चष्मा काढून हातात धरला होता.

"हे मी बोललो होतो?" साहेब म्हणाले. "मला वाटलं, असं लिहिणारा आपल्याला मिळाला. आपल्याला कधी असं सुचलं नाही, अशी थोडी असूयाही वाटली."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग साहेबांनी विचारले, "तुम्हाला ठाऊक आहे ना, आता काय करावं लागेल?"

"ठाऊक आहे."

"खाली सहीनिशी ग्वाही आहे. मुदतही टळली आहे. पुढल्या वर्षी वयात बसत नाही तुम्ही."

"नाही बसत."

साहेबांनी निबंधाचे पाठकोरे कागद उलगडले. दहा, अकरा आणि बारा ही पाने काढून त्यांनी आपल्या खणात ठेवली. "ही माझी," ते म्हणाले.  उरलेली पाने नीट रचून त्यांनी श्रीपादच्या हातात दिली आणि त्याला दारापर्यंत पोचवायला आले. साहेब कुणाला दारापर्यंत पोचवीत नसत.

संध्याकाळी श्रीपाद कल्याणला उतरला. महादेवभट ओटीवर बसले होते, उघड्या अंगाने, जपाची माळ बाजूला ठेवून. श्रीपादने वाटभर ठरवले होते की काही बोलायचे नाही. पण जोडे काढता काढता तोंडातून निघून गेले, "अण्णा, मधलं माझं नव्हतं."

महादेवभटांनी मान हलवली. बरोबर ठरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर औषधालाही नव्हता.

"जागा गेली?"

"गेली."

"माझ्यामुळं गेली," म्हातारा म्हणाला. "मीच तुला तसं घडवलं. आमच्याकडे पदरचं एक अक्षर घातलं तर पाप. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे पदरचं नसेल तर पाप."

 "मग तुझ्या पदरचं किती निघालं?"

"सतरा पानं."

"वाच."

श्रीपादला वाटले, आपण चुकीचे ऐकले. पण महादेवभट उठून आत गेले, हातपाय धुऊन, खांद्यावर उपरणे घेऊन आले आणि मांडी घालून समोर बसले. सभेत एखाद्या शास्त्र्याचे ऐकायला बसत तसे ताठ. श्रीपादने कागद उलगडले आणि वाचायला लागला. ते इंग्रजी ओबडधोबड होते. मधेच वाक्य लांबायचे, शब्द अडायचा. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. नववे पान संपले आणि पुढे तेरावे आले, तिथे श्रीपाद क्षणभर थांबला. महादेवभटांनी डोळे उघडून पाहिले. तो पुढे वाचत गेला.

शेवटचे पान आले. साहेबांनी गाळायला सांगितलेले. तेरा दिवसांचे मंत्र, चौदावा दिवस, आणि मग त्या परक्या शब्दांच्या गर्दीत एक शब्द आला जो महादेवभटांना कळला.

मधु.

आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. महादेवभटांची मांडी तशीच राहिली, पाठ तशीच ताठ राहिली, फक्त मांडीवरचा हात किंचित वर उचलला गेला आणि पुन्हा खाली आला, जणू तिथे कुणाचे डोके होते. श्रीपादने उरलेल्या चार ओळी वाचून पुऱ्या केल्या.

महादेवभट काही न बोलता उठले. श्रीपाद कागद गोळा करू लागला. उठून जाणे त्याच्या ओळखीचे होते. तोच देवघरातून पावले परत आली. वडिलांच्या एका हातात विडा होता, दुसऱ्या हातात नारळ.

"सगळा श्वास तुझा होता," ते म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते, ते त्यांनी पुसले नाही.

श्रीपादने ओंजळ पुढे केली. तो त्याचा सहावा नारळ.